जंताची गोळी दिली म्हणजे काम झाले? हायडॅटिड रोगाबाबत या चुका टाळा

हायडॅटिड रोगाचा, म्हणजे कुत्र्यातील फीतकृमीमुळे शरीरात पाण्याने भरलेल्या गाठी होणाऱ्या रोगाचा, एखादा रुग्ण सापडला की सगळ्यांची नजर कुत्र्याकडे वळते, त्याला घाईघाईने जंताची गोळी दिली जाते आणि विषय संपला असे सर्वजण धरून चालतात. पशुवैद्यकीय कामात मी हा प्रकार इतक्या वेळा पाहिला आहे की आता ‘गोळी दिली आहे’ एवढेच उत्तर मिळाले, तर पुढचे प्रश्न मी अधिकच बारकाईने विचारतो. हा रोग घडवणारा एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस हा फीतकृमी जेमतेम २ ते ७ मिलिमीटर लांबीचा असतो आणि कुत्र्याच्या लहान आतड्यात हजारोंच्या संख्येने राहू शकतो. त्याची अंडी विष्ठेवाटे गवतावर आणि पाण्यात पडतात. चरताना ती पोटात गेली की मेंढ्या, शेळ्या, गायी, म्हशी यांच्या यकृतात आणि फुफ्फुसांत पाण्याने भरलेल्या गाठी तयार होतात. अशा गाठीत कृमीची असंख्य सूक्ष्म डोकी असतात. ती कुत्र्याच्या पोटात गेली, की साधारण ६ आठवड्यांत तो कुत्रा अंडी टाकू लागतो. माणूस ती अंडी गिळून या साखळीत अपघाताने शिरतो. जर्मन शास्त्रज्ञ सीबोल्ड यांनी १८५२ साली कुत्र्यांना गाठी खाऊ घालून हा मार्ग सिद्ध केला होता, तरीही साखळी नेमकी कोठे तोडायची हे आजही रोज नव्याने सांगावे लागते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाठी असलेले यकृत किंवा फुफ्फुस कुत्र्यापुढे टाकणे. एका मोठ्या कळपाच्या मालकाकडे कुत्र्यांच्या औषधाची स्वतंत्र वही होती, तारखा लाल शाईने लिहिलेल्या होत्या आणि एकही फेरी चुकलेली नव्हती. तरीही कुत्र्यांच्या विष्ठेची प्रतिजन चाचणी (कृमीचे अंश शोधणारी) केली की काही नमुने हटकून दोषी निघत. मालकाने आधी गोळीला दोष दिला, मग गोळी बनवणाऱ्यांना आणि शेवटी आम्हालाही. वहीत शोधण्यासारखे काही उरले नाही तेव्हा मी गोठ्यामागच्या जागेत गेलो. तेथे म्हाताऱ्या, चरायला निरुपयोगी झालेल्या मेंढ्या घरापुरत्या कापल्या जात होत्या, आणि गाठी दिसलेले अवयव ‘माणसाने खाण्यालायक नाहीत’ म्हणून काळजीपूर्वक वेगळ्या बादलीत काढून संध्याकाळी कुत्र्यांना घातले जात होते. हेतू चांगला, परिणाम नेमका उलटा. म्हातारी मेंढी हीच यातली सर्वांत धोक्याची, कारण तिच्या शरीरातील गाठींना वाढायला आणि जिवंत डोक्यांनी भरायला अनेक वर्षे मिळालेली असतात. जो अवयव सर्वांत घातक होता, तोच वेगळा काढून कुत्र्याला दिला जात होता, आणि वही मात्र निर्दोष होती. झाकणाचा खड्डा खोदून ती बादली बंद केल्यावरच पुढच्या तपासण्यांत फरक दिसू लागला.

माझी स्वतःची सवय अशी की, कापण्याची जागा पाहिल्याशिवाय मी कुत्र्यांच्या औषधाविषयी बोलतच नाही. तेथे कुंपण आहे का, खड्डा खोल आहे का, त्यावर कुत्र्याला हलवता येणार नाही असे झाकण आहे का, हे आधी पाहावे. वरवर माती लोटलेला खड्डा कुत्रे रात्रीत उकरतात. अवयव कुत्र्यांना द्यायचेच असतील तर पाणी खळखळ उकळू लागल्यानंतर किमान अर्धा तास शिजवावेत. वरचा रंग बदलला म्हणजे आतील गाठ निकामी झाली असे नाही. घाई असलेल्यांना हे सगळे जुनाट वाटते, परंतु ज्या देशांनी हा रोग हटवला त्यांनी हेच कंटाळवाणे काम चिकाटीने केले. आइसलँडमध्ये १८६३ साली डॅनिश शास्त्रज्ञ हाराल्ड क्राबे यांनी कुत्र्यांची पाहणी केली, त्यानंतर लोकांसाठी माहितीपुस्तिका निघाली आणि १८६९ मध्ये कायदा झाला. न्यूझीलंडने १९५९ साली कायदा केला आणि २००२ मध्ये तो देश या रोगापासून तात्पुरता मुक्त असल्याचे जाहीर झाले. चाळीस वर्षांहून अधिक काळ लागलेले हे काम एका हंगामात उरकू पाहणाऱ्यांचा उत्साह मला नेहमीच संशयास्पद वाटतो.

दुसरी चूक गोळीला लस समजण्याची. प्राझिक्वांटेल हे औषध कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोला ५ मिलिग्रॅम या प्रमाणात दिले असता आतड्यातील कृमी मारते, पण त्याचा प्रभाव शरीरात टिकून राहत नाही. कुत्र्याने दुसऱ्या दिवशी गाठीचे फुफ्फुस खाल्ले तर सहा आठवड्यांचे चक्र पुन्हा सुरू होते. म्हणूनच धोका जास्त असलेल्या ठिकाणी दर ६ आठवड्यांनी, आणि कमीत कमी वर्षातून चार वेळा औषध द्यावे लागते. ‘वर्षातून एकदाच, पण दुप्पट मात्रा’ हा हिशेब मला पुनःपुन्हा ऐकवला जातो. त्यामुळे गोळ्या तेवढ्या खर्ची पडतात. शिवाय हे औषध अंडी मारत नाही. गोळीनंतर कुत्रा मोकळा सोडला तर मेलेल्या कृमींसोबतची अंडी तो अंगणात आणि कुरणात पसरवतो, म्हणजे औषध देऊन आपणच अंडी पेरल्यासारखे होते. औषध दिल्यावर कुत्रा किमान दोन दिवस बांधून ठेवावा, त्याची विष्ठा हातमोजे घालून गोळा करावी आणि जाळावी किंवा खोल पुरावी. वजन नजरेने ठरवू नये, काट्यावर करावे. गोळी मांसाच्या तुकड्यात घालून समोर उभे राहावे, कारण तुकडा खाऊन गोळी थुंकणारी कुत्री मी पुष्कळ पाहिली आहेत. आणि पाकिटावरील घटक वाचावेत: केवळ आयव्हरमेक्टिन किंवा पायरँटेल असलेले ‘जंताचे औषध’ या कृमीला काहीही करत नाही.

कुत्रा धडधाकट दिसतो म्हणून तो निर्दोष मानणे ही चूक फार सर्रास होते. या कृमीमुळे कुत्र्याला सहसा काहीच त्रास होत नाही. विष्ठेत तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे शोधणेही व्यर्थ आहे, कारण ते बहुधा पिसवांमुळे होणाऱ्या वेगळ्या फीतकृमीचे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अंडे दिसले तरी ते एकायनोकॉकसचे की टीनिया गटातील दुसऱ्या कृमीचे, हे नुसते पाहून सांगता येत नाही. नेहमीच्या जंतुनाशकांवर आणि स्पिरिटवर भरवसा ठेवू नये. अंडी उष्णतेने आणि कोरडेपणाने मरतात, परंतु थंड, ओलसर जागी ती अनेक महिने तग धरतात. घरातील फ्रीजरही उपयोगाचा नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी उणे ८० अंश तापमान वापरतात.

माणसाच्या बाबतीत सर्वांत रुजलेला गैरसमज म्हणजे गाठी असलेले मांस खाल्ल्याने हा रोग होतो. डुकराच्या मांसातून येणाऱ्या फीतकृमीशी केलेली ही गल्लत आहे. हायडॅटिडची गाठ कुत्र्याच्या विष्ठेतील अंडी गिळल्यानेच होते, मग ती न धुतलेल्या भाजीतून येवोत, पाण्यातून येवोत किंवा कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसेच जेवायला बसल्याने. आयुष्यात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही ती होऊ शकते, आणि बहुतेक गाठी यकृतात, त्याखालोखाल फुफ्फुसात आढळतात.

सोनोग्राफीत पाण्याची गाठ दिसली की ‘सुई घालून पाणी काढून टाका’ असा आग्रह धरणे तर जिवावर बेतू शकते. गाठीतील द्रव पोटात सांडला तर तीव्र ॲलर्जीचा झटका येऊ शकतो आणि सांडलेल्या प्रत्येक डोक्यापासून नवी गाठ उभी राहू शकते. सुईचा उपचार आहे, पण तो ठरावीक प्रकारच्या गाठींसाठी, अल्बेंडाझोल या जंतनाशक औषधाच्या संरक्षणाखाली आणि तातडीच्या उपचारांची तयारी असलेल्या रुग्णालयातच करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात गाठीच्या सीई १ ते सीई ५ अशा अवस्था आहेत. त्यानुसार कोठे औषध, कोठे सुई, कोठे शस्त्रक्रिया, तर निष्क्रिय झालेल्या गाठीवर केवळ लक्ष ठेवणे असा निर्णय होतो. रक्ताची चाचणी निर्दोष आली म्हणून गाठ हायडॅटिडची नाही असे समजू नये. अल्बेंडाझोल स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेऊ नये, कारण त्या काळात यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात. उपचारानंतरही काही वर्षे सोनोग्राफी चालू ठेवावी, आणि त्याच कुत्र्यांच्या सहवासात राहणाऱ्या घरातील इतरांची, विशेषतः मुलांची, सोनोग्राफी त्याच वेळी करून घ्यावी.