युद्धाच्या घाईत लढाऊ वैमानिक घडवताना या चुका टाळा

सेवानिवृत्तीनंतर मी ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागातल्या आमच्या जुन्या घरी राहायला आलो. महाराजपूरच्या धावपट्टीवरून मिराज लढाऊ विमान उडाले की आमच्या गच्चीपर्यंत आवाज येतो आणि हातातले काम थांबवून मी वर पाहतो. खडकवासल्याच्या संरक्षण प्रबोधिनीला किंवा डुंडीगलच्या हवाई दल अकादमीला निघालेली इथल्या मराठी घरांतली मुले भेटायला येतात, सेवेत असलेले एखाद-दोन तरुण अधिकारीही येतात, आणि त्यांच्या बोलण्यात मला त्याच चुका पुन्हा ऐकू येतात, ज्या मी शिकवत असताना रोज फळ्यावर लिहीत होतो. यात गुपित काही नाही, हे सगळे १९१६ पासून लिहिले गेलेले आहे. शांततेच्या काळात या चुका निस्तरायला वेळ मिळतो. युद्ध तोंडावर आले की सर्वांत आधी तोच वेळ कापला जातो, म्हणून हा लेख.

पहिली चूक, जिच्यावर मी सर्वांत जास्त बोलणार आहे, ती म्हणजे शत्रूच्या विमानावर नजर खिळून बाकी सगळे विसरणे. नवखा वैमानिक आपल्याला शत्रू दिसणारच नाही या भीतीने उडतो आणि एकदा तो दिसला की त्याला सोडायला तयार होत नाही. गनसाइटचा ठिपका समोरच्या विमानावर आला की त्याच्यासाठी आकाश तेवढेच उरते. उंची, वेग, इंधन, स्वतःची पाठ, सोबतचा विंगमन, म्हणजे बाजूने उडणारा जोडीदार, हे सारे त्याच्या लेखी नाहीसे होते. यात बुद्धीचा दोष नाही. माझ्या अनुभवात अतिशय हुशार मुलांनी ही चूक जास्त केली, कारण नेम धरण्याचे कौशल्य त्यांना लवकर आले होते.

मी शिकवत असताना एका वर्षी सीमेवर तणाव वाढला आणि आमच्या तळाला नवे वैमानिक लवकर तयार करण्याचा निरोप आला. सरावाच्या लढाईसाठी जमिनीपासून ५,००० फुटांची मर्यादा आम्ही ठरवत असू. त्या पातळीलाच जमीन समजायचे आणि तिच्याखाली गेलेला वैमानिक मेला असे मानून लढाई थांबवायची. मे महिन्यातल्या एका सकाळी एक तरुण फ्लाइंग ऑफिसर माझ्या पाठीमागे लागला होता. मी मुद्दाम वळणावर वळण घेत खाली उतरत गेलो, मर्यादेच्या थोडे वर असतानाच विमान सरळ केले आणि रेडिओवर ‘नॉक इट ऑफ’ म्हणालो, म्हणजे लढाई बंद. तो थांबला नाही. मी वर निघालो होतो, त्याचे नाक अजून खाली होते. दुसऱ्यांदा ओरडलो, तरीही उत्तर आले नाही. तिसऱ्यांदा मी त्याचे नाव घेऊन ‘खेच’ म्हटले, तेव्हा त्याने स्टिक ओढली. विमान सावरले तेव्हा त्याच्या खाली, माझ्या अंदाजाने, हजार फूटसुद्धा उरले नव्हते.

उतरल्यावर त्याला विचारले, तर त्याने एकच हाक ऐकली होती, तिसरी. तो खोटे बोलत नव्हता. मन एका गोष्टीत इतके गुंतले की कान बंद होतात, हे वैमानिकी वैद्यकातले जुने निरीक्षण आहे. मग आम्ही त्याच्या गनसाइटच्या कॅमेऱ्याची फिल्म लावली. ठिपका बहुतेक वेळ माझ्या विमानावर होता आणि नेमबाजी म्हणून पाहिली तर ती उत्तम होती. मात्र माझ्या विमानामागचे आकाश हळूहळू चौकटीच्या वरच्या कडेकडे सरकत संपले, मग तपकिरी रंग आला, आणि शेवटच्या क्षणांत शेतांचे बांध मोजता येतील इतके स्पष्ट दिसू लागले. हे सगळे त्याच्या डोळ्यांसमोर घडले होते आणि त्याला त्यातले काहीच दिसले नव्हते. त्या आठवड्यात वेळ वाचवण्यासाठी मी त्याच्या दोन आसनी विमानातल्या दोन सरावफेऱ्या वगळल्या होत्या. त्या निर्णयाची सही माझी होती आणि ती मला आजही बोचते.

यावरचा माझा उपाय पुस्तकी नाही, सवयीचा आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना प्रत्येक वळणाच्या शेवटी मोठ्याने ‘उंची, वेग, पाठ’ म्हणायला लावत असे. मास्कमध्ये, स्वतःच्या भाषेत, स्वतःला ऐकू येईल असे. मनात म्हटलेले लढाईत विरून जाते, ओठांनी म्हटलेले टिकते. हे शब्द विमानात पहिल्यांदा म्हणून चालत नाहीत. मेसपासून ब्रीफिंगच्या खोलीपर्यंत चालताना प्रत्येक कोपऱ्यावर म्हणा, सायकलवर म्हणा. आमच्या या गावात ख्यालाची तालीम झालेल्या घरांतून एकच पलटा शेकडो वेळा घोटलेला ऐकू येतो, आणि तो कंठात इतका मुरतो की मैफलीत गायकाला त्याचा विचार करावा लागत नाही. इथेही तितकेच मुरावे लागते.

ज्यांना वाटते की अनुभवी माणसाकडून असे होत नाही, त्यांनी ओस्वाल्ड बोल्कं याचे उदाहरण लक्षात ठेवावे. हवाई लढाईचे पहिले लेखी नियम १९१६ मध्ये या जर्मन वैमानिकाने घालून दिले, आणि एकाच शत्रूवर दोघांनी तुटून पडू नये हे त्यांत स्पष्ट आहे. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला तो आणि त्याचा सहकारी एकाच ब्रिटिश विमानाच्या मागे लागले असताना त्यांची विमाने एकमेकांना घासली आणि ४० विजय नावावर असलेला बोल्कं मरण पावला. ब्रिटिशांच्या मिक मॅनॉकचेही तसेच झाले. पडणाऱ्या शत्रूच्या मागे खाली जाऊ नका, असे तो तरुणांना बजावत असे, आणि २६ जुलै १९१८ रोजी तसाच खाली गेला असताना जमिनीवरच्या गोळीबारात सापडला. दोघांनाही नियम पाठ होते. लक्ष्याची ओढ त्याहून बलवत्तर ठरली.

दुसरी चूक नजरेचीच आहे, पण उलट प्रकारची: रिकाम्या आकाशाकडे पाहत राहणे आणि आपण शोध घेत आहोत असे समजणे. डोळ्यांना टेकायला काही नसले की त्यांचा फोकस आपोआप मीटर-दोन मीटरवर येऊन थांबतो आणि दूरचा ठिपका समोर असूनही दिसत नाही. म्हणून दर काही सेकंदांनी ढगाची कडा, क्षितिज किंवा दूरची नदी पाहून नजर लांब न्यावी आणि मगच आकाशाचा पुढचा तुकडा घ्यावा. उन्हाळ्यात आमच्या या भागावर धुरळा चढतो, तेव्हा चंबळच्या घळींच्या काठावरची कडा मला फार उपयोगी पडे.

रडारच्या पडद्यात डोके घालून बसू नका. शत्रू आठ-दहा किलोमीटरवर आला की नजर बाहेर हवी.

तिसरी चूक लांबून आणि फार वेळ गोळीबार करण्याची. मिग-२१ च्या २३ मिलिमीटर तोफेत २०० गोळ्या असत, म्हणजे ट्रिगर दाबून धरला तर चार सेकंदांत तोफ रिकामी. १९४० मध्ये ब्रिटिशांनी स्पिटफायरच्या आठ बंदुका ४०० यार्डांवर एकत्र येतील अशा लावल्या होत्या. अनुभवी वैमानिकांनी त्या २५० यार्डांवर आणून घेतल्या, कारण जवळ गेल्याशिवाय लागत नाही हे त्यांना जीव देऊन कळले होते. नवखा मात्र लांबूनच सुरू करतो, कारण ट्रिगर दाबल्याने त्याची भीती कमी होते. मी विद्यार्थ्यांना सांगत असे की आता मारावे असे वाटले की आणखी एक आकडा मोजा.

चौथी चूक शरीराची. तीव्र वळणात सात जी खेचले, म्हणजे शरीराचे वजन सातपट झाले, की हेल्मेटसह सहा किलोचे डोके बेचाळीस किलोचे होते आणि रक्त पायांकडे ओढले जाते. पाय आणि पोट आवळून, श्वास रोखून, दर तीन सेकंदांनी तो झटक्यात बदलण्याची क्रिया स्टिक ओढण्याच्या आधी सुरू करायची असते. घाई करणारा आधी ओढतो आणि मग आवळतो. तोवर दृष्टी करडी झालेली असते. शुद्ध हरपली तर साधारण दहा-पंधरा सेकंद जातात आणि जाग आल्यावर तितकाच वेळ माणूस भांबावलेला असतो. सेकंदाला २५० मीटर वेगाने पंचेचाळीस अंशांत खाली जाणारे विमान बारा सेकंदांत दोन हजार मीटरहून अधिक उंची गमावते, हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतः कागदावर करून पाहावा. बेंगळुरूच्या एरोस्पेस मेडिसिन संस्थेतल्या सेंट्रिफ्यूजमध्ये बसून आल्यावर पुष्कळांना वाटते की आता हे जमले. ते सरावाने टिकते आणि रजेवरून आल्यावर, झोप अपुरी असताना, पाणी कमी प्यायल्यावर निम्मे होते. मे महिन्यात माझे विद्यार्थी माझ्यासमोर दोन ग्लास पाणी प्यायल्याशिवाय विमानाकडे जात नसत. ते कुरकुरत, मी ऐकत नसे.

किती इंधन उरले की परतायचे हा आकडा ब्रीफिंगमध्ये ठरला की तो बदलायचा नाही. रेडिओवर आधी कोणाला सांगतो आहोत ते, मग काय, आणि लगेच गप्प.

आता दुसरी माझी आवडती, किंवा खरे म्हणजे नावडती, चूक: डिब्रीफिंग, म्हणजे उतरल्यावर उड्डाणाची चिकित्सा, आटोपते घेणे. युद्धाच्या दिवसांत पहिला बळी याचाच जातो. विमाने कमी आहेत, पुढची सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी, उभी आहे, ‘बाकीचे संध्याकाळी बोलू’ असे म्हणून मुले चहाला जातात. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या डोक्यात स्वतःला शोभणारी लढाई तयार झालेली असते. माझ्याकडे दोन मुले अशी होती की एकाच लढाईत दोघांनीही दुसऱ्याला पाडल्याचे शपथेवर सांगितले. त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पेन्सिलने वळणे काढायला लावली, कोणत्या वळणावर वेग किती होता ते लिहायला लावले, आणि मग दोन्ही कागद फिल्मसमोर ठेवले. दोघांचेही चित्र तिसऱ्या वळणानंतर चुकले होते, कारण तिथे दोघांनीही एकमेकांना नजरेतून गमावले होते आणि कबूल करण्याऐवजी मनाने जागा भरून काढली होती. ‘मला दिसत नव्हता’ हे वाक्य ज्याला खोलीत उच्चारता येत नाही, तो ते हवेत विंगमनलाही सांगत नाही आणि दोघांनाही घेऊन जातो.

माझी पद्धत अशी: उतरल्यावर अर्ध्या तासाच्या आत, एकमेकांशी बोलण्याआधी, कागद आणि पेन्सिल. मग फिल्म. मग बोलणे, आणि त्यात हुद्दा दाराबाहेर. माझ्या चुका मी आधी सांगत असे, कारण शिक्षकाने तोंड उघडले नाही तर मुले उघडत नाहीत. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकन नौदलाने आपली कामगिरी घसरल्याचे पाहून १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मिरामारला जी शाळा काढली, तिचा कणा हाच होता: वेगळ्या प्रकारच्या विमानांशी सराव आणि नंतर निष्ठुर चर्चा. आपल्याकडे फेब्रुवारी १९७१ मध्ये आदमपूरला सुरू झालेली आणि पुढे जामनगरमार्गे ग्वाल्हेरला आलेली टॅक्डे (टॅक्टिक्स अँड एअर कॉम्बॅट डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट) ही हवाई दलाची संस्था याच कामासाठी आहे. तिथून आलेल्या माणसाचा फळा पाहिला तरी शिस्त कळते.

संगणकावरचे खेळ खेळून आलेल्या मुलांबद्दल मला काळजी वाटते. त्यांना वळणांची नावे आणि विमानांचे आकडे माझ्यापेक्षा जास्त येतात, पण खेळात मानेवर वजन येत नाही आणि मेल्यावर पुन्हा सुरू करता येते. ‘सर, थेट डॉगफाइटच शिकवा ना’ असे म्हणणाऱ्याला मी तीन आठवडे नुसते फॉर्मेशन उडवायला लावले आहे. त्याचा मला पश्चात्ताप नाही.

शिकवणाऱ्यांची एक चूक सांगणे आवश्यक आहे. धोक्याचा भाग आहे म्हणून तो अभ्यासक्रमातून काढायचा, हा आडमार्ग आहे. पहिल्या महायुद्धात वैमानिकांना विमान गरगरू (स्पिनमध्ये जाऊ) देऊ नका एवढेच सांगितले जाई आणि ते गरगरतच मरत. १९१७ मध्ये गॉस्पोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरीने दोन आसनी विमानात शिक्षकाबरोबर मुद्दाम गरगर आणून त्यातून बाहेर पडायला शिकवले, आणि जगाची प्रशिक्षणपद्धत तिथून बदलली. त्याच वर्षी आपला इंद्रलाल रॉय आघाडीवर गेला, डिसेंबरमध्ये विमान आदळून जखमी झाला आणि त्याला पुन्हा प्रशिक्षण घ्यायला लावले गेले. जुलै १९१८ मध्ये दोन आठवड्यांच्या आत त्याने दहा विजय मिळवले. २२ जुलैला तो पडला तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता. त्याला परत शिकायला पाठवण्यात गेलेले महिने कोणी वाया गेले म्हणू शकेल, असे मला वाटत नाही.

आणि चांगल्या वैमानिकांना आघाडीवरून कधीच परत न बोलावणे ही तर घोडचूक. दुसऱ्या महायुद्धात जपानी नौदलाने आपले कसलेले वैमानिक मरेपर्यंत आघाडीवर ठेवले. अमेरिकेने आपले वैमानिक पाळीपाळीने घरी आणून शिक्षक केले. जून १९४४ मध्ये मारियाना बेटांजवळ दोन्ही पद्धतींचे विद्यार्थी समोरासमोर आले आणि जपानची शेकडो विमाने समुद्रात गेली. पहिल्या दहा मोहिमा पार पाडणाऱ्याची जगण्याची शक्यता पुढे बरीच वाढते, हे व्हिएतनामच्या अनुभवातून निघाले, आणि त्या पहिल्या दहा घरीच लढता याव्यात म्हणून १९७५ मध्ये नेवाडात रेड फ्लॅग हा लढाईचा सराव सुरू झाला. त्या दहा लढाया विद्यार्थ्याशी कोण लढणार, हा प्रश्न प्रत्येक स्क्वाड्रनला युद्धातही पडतो. आघाडीवरून आलेल्या माणसाला आधी आठवडाभर झोपू द्यावे, त्याच्याकडून भाषण मागू नये, आणि मग त्याला शत्रूच्या जागी बसवून रोज सकाळी दोन मुलांविरुद्ध वर पाठवावे.