चामड्याच्या बुटांवरचे मिठाचे डाग कसे काढावेत

टोरंटो, मॉन्ट्रियल किंवा शिकागोसारख्या शहरांत थंडी पडली की रस्त्यांवर आणि पदपथांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. बहुतेक ठिकाणी ते साधे सोडियम क्लोराइडच असते. पारा उणे दहा अंशांच्या खाली गेला की त्याचा जोर ओसरतो, म्हणून कडाक्याच्या थंडीत त्याच्या जोडीला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही वापरतात. या खाऱ्या, अर्धवट वितळलेल्या बर्फातून थोडेसे चालले, तरी बूट वाळल्यावर त्यांवर पांढरी नागमोडी रेघ उमटते. ती नुसती पुसली तर नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि फडक्याचा ओलावा सुकताच पुन्हा दिसू लागते.

याचे कारण असे, की मीठ केवळ वर बसलेले नसते. जुन्या भिंतीला लोणा धरतो तसाच हा प्रकार आहे: पाण्याबरोबर मीठ चामड्यात मुरते, पाणी पृष्ठभागावरून उडून जाते आणि ओला भाग संपून कोरडा भाग जिथे सुरू होतो, त्या सीमेवर मिठाचे स्फटिक साचतात. दरवेळी भिजण्या-वाळण्यात चामड्यातले तेलही कमी होत जाते, त्यामुळे चामडे कडक होऊन बोटांजवळच्या घडीवर भेगा पडतात. भेगा पडल्या की त्या बुजत नाहीत. म्हणून डाग दिसल्यावर आठवड्याच्या सुट्टीची वाट न पाहता त्याच संध्याकाळी काम उरकलेले बरे.

प्रथम नाड्या काढून कोमट पाण्यात भिजत घालाव्यात, कारण त्यांतही मीठ असते. आतले पातळ तळवे निघत असतील तर तेही काढून ठेवावेत. बूट ओले असल्यास मऊ फडक्याने टिपून घ्यावेत, आणि वाळलेले असल्यास ब्रशने वरची माती व मिठाचे कण झाडून टाकावेत. हे कण राहिले तर पुढे पुसताना त्यांचेच ओरखडे उठतात. तळवा आणि वरचे चामडे जिथे शिवलेले असते, त्या खाचेत मीठ सर्वाधिक साचते, आणि तिथे जुना टूथब्रशच चालतो. त्यानंतर बुटात लाकडी शू-ट्री (बुटाच्या आकाराचा आत बसवायचा साचा) किंवा कागदाचे बोळे घट्ट बसवावेत, म्हणजे ओले चामडे आकार सोडणार नाही.

आता एक वाटी थंड पाण्यात अर्धी वाटी पांढरे व्हिनेगर मिसळावे. व्हिनेगर रंगहीन आणि साधारण पाच टक्के तीव्रतेचे असावे. सफरचंदाचे किंवा माल्टचे व्हिनेगर रंगामुळे टाळावे. व्हिनेगर मिठाचा ‘नाश’ करते असा समज सर्रास आढळतो, पण तो खरा नाही. मीठ विरघळवण्याचे काम पाणीच करते. व्हिनेगरचा उपयोग मिठाबरोबर आलेला चुन्यासारखा थर सोडवण्यासाठी होतो. शिवाय कमावलेले चामडे स्वभावतः किंचित आम्लधर्मी असल्याने सौम्य आम्ल त्याला सोसते, तर खाण्याचा सोडा किंवा कपड्यांचा साबण मानवत नाही.

हे मिश्रण आधी बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला लावून रंग उतरतो का ते पाहावे. फिकट तपकिरी, झाडाच्या सालींनी कमावलेल्या चामड्याच्या बाबतीत (कोल्हापुरी चपलेचे चामडे याच जातीचे) ही खबरदारी विशेष घ्यावी, कारण ते नुसत्या पाण्यानेही काळवंडते. मग सुती फडके मिश्रणात बुडवून घट्ट पिळावे आणि डागावर न घासता हलकेच दाबत, टिपत जावे. फडक्याचा स्वच्छ भाग वारंवार बदलावा, नाहीतर निघालेले मीठ पुन्हा चामड्यातच जाते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे केवळ डागापुरते न थांबता संपूर्ण बूट एकसारखा ओलसर करावा. अर्धाच भाग ओला केला तर त्याच्या कडेने नवी रेघ तयार होते, आणि बहुतेक लोक याच ठिकाणी फसतात. शेवटी साध्या पाण्याने ओल्या केलेल्या दुसऱ्या फडक्याने पुसून घ्यावे. डागाच्या जागी चामडे फुगून कड वर आली असेल, तर ते ओलसर असतानाच स्टीलच्या चमच्याच्या पाठीने सावकाश दाबून सपाट करावे.

वाळवताना घाई करू नये. ओले चामडे उष्णतेने आकसते आणि ताठ होते, म्हणून हीटरची जाळी, रेडिएटर किंवा हेअर ड्रायर यांपासून बूट दूर, हवेशीर जागी निदान एक रात्र आणि एक दिवस ठेवावेत. कागदाचे बोळे दमट झाले की बदलावेत. कॅल्शियम क्लोराइड हवेतला ओलावा ओढून घेते. त्यामुळे दोन दिवसांनीही चामडे हाताला ओशट, दमट लागत असेल, तर मीठ अजून आत आहे असे समजून वरची कृती पुन्हा करावी.

पूर्ण वाळल्यावर चामड्याला कंडिशनर (चामड्यातले कमी झालेले तेल भरून काढणारे मलम) लावणे आवश्यक आहे. वाटाण्याएवढा घेऊन पातळ पसरावा, तासाभराने कोरड्या फडक्याने जादाचा पुसावा, आणि मग बुटाच्या रंगाचे क्रीम व वर मेणाचे पॉलिश लावावे. घरातले खोबरेल तेल मात्र वापरू नये: ते सुमारे २४ अंशांखाली गोठते, त्यामुळे बाहेरच्या थंडीत बुटावर पुन्हा पांढरट थर येतो आणि तो मिठाचाच वाटतो. शंका आल्यास अंगठ्याने चोळून पाहावे. ऊब लागताच पारदर्शक होतो तो तेलाचा थर, मीठ तसे होत नाही.

स्वेड आणि नुबक या लवदार चामड्यांना क्रीम किंवा मेणाचे पॉलिश लावू नये. त्यांचा डाग त्याच मिश्रणाने अगदी कमी ओलाव्यात टिपावा, बूट पूर्ण वाळू द्यावेत, आणि मग स्वेडच्या ब्रशने लव एकाच दिशेने उठवावी. चकचकीत पेटंट चामड्याला ओलसर फडके पुरते.

पुढच्या खेपेस त्रास कमी व्हावा म्हणून थंडी सुरू होण्यापूर्वीच शिवणींवर मेण चोळावे, एकच जोड लागोपाठ दोन दिवस घालू नये, आणि घरात शिरताच दाराजवळच्या ट्रेमध्ये बूट काढून ते वाळण्यापूर्वी ओल्या फडक्याने सगळीकडून पुसून घ्यावेत.