ट्रॉली जोडण्याआधी लायसन्स वाचा : ऊस वाहतूक हंगामासाठी सल्ला

दसरा झाला की मोळीपूजनाच्या तारखा कानावर येऊ लागतात आणि पावसाळाभर शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रॉल्या बाहेर निघतात. टायर, बेअरिंग, हुक, पाटे सगळे बघितले जाते. ड्रायव्हरच्या खिशातले कार्ड मात्र कोणी उलटून पाहत नाही. अपघात झाला की पोलीस आणि विमा कंपनी दोघेही आधी तेच मागतात, आणि तेव्हा कळते की कार्डावरची मुदत जूनमध्येच संपली होती. ही तपासणी आत्ता, पहिली खेप निघायच्या आधी करायची आहे.

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : कारचे लायसन्स आहे, त्यावर ट्रॅक्टर चालतो का? मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये हलक्या मोटार वाहनाची व्याख्या आहे आणि त्यात ट्रॅक्टरचे नाव स्पष्ट आले आहे. कार, ट्रॅक्टर आणि रोड रोलर यांच्यासाठी रिकामे वजन धरतात, तर मालवाहू गाडीसाठी एकूण वजन, म्हणजे गाडी आणि तिच्या मंजूर क्षमतेचा माल मिळून. दोन्हीकडे मर्यादा एकच, ७,५०० किलो. ४५-५० अश्वशक्तीचा आपल्याकडचा ट्रॅक्टर साधारण दोन टनांच्या आसपास भरतो. तेव्हा कार्डावर ‘एलएमव्ही’, म्हणजे हलके मोटार वाहन, असेल तर ट्रॅक्टर त्यात बसतो. काहींच्या कार्डावर फक्त ट्रॅक्टर असा वेगळा वर्ग असतो. त्यावर कार किंवा पिकअप चालवता येत नाही, हे उलट्या बाजूने लक्षात ठेवा. आणि फक्त मोटारसायकलच्या लायसन्सवर ट्रॅक्टर चालवणारी पोरे गावोगाव आहेत, त्यांचे लायसन्स ट्रॅक्टरपुरते नसल्यासारखेच.

हार्वेस्टरला मात्र हा हिशोब डोळे झाकून लावू नका. ऊस तोडणी यंत्र आणि मोठे धान्य हार्वेस्टर यांचे रिकामे वजनच ७,५०० किलोंच्या वर जाऊ शकते. यंत्राच्या आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, रिकामे वजन छापलेले असते, तो आकडा आणि वाहनाचा वर्ग बघून मगच ऑपरेटर ठरवा.

ट्रॉली जोडली की लायसन्स बदलते का?

बदलत नाही. ट्रॅक्टर चालवण्याचे वैध लायसन्स असलेला माणूस ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टरही चालवू शकतो, मागे ट्रॉली लागली एवढ्याने ट्रॅक्टर हा ट्रॅक्टरच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात सांगितले. त्यामुळे ‘ट्रॉली होती म्हणून लायसन्स चालत नाही’ असे कोणी म्हणाले तर घाबरून जाऊ नका.

खरी मेख आरसीवर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत कृषी ट्रॅक्टर हे परिवहनेतर, म्हणजे माल-प्रवासी वाहतुकीच्या वर्गात न मोडणारे, वाहन आहे. पण ट्रॅक्टर भाड्याच्या कामासाठी म्हणून व्यावसायिक नोंदणीत आणला असेल, तर ते परिवहन वाहन ठरते. मग ट्रॅक्टरचे एकूण वजन किती, कार्डावर परिवहनाची नोंद आहे का, हे प्रश्न उभे राहतात. स्वतःच्या शेतातला ऊस कारखान्यावर नेणे वेगळे आणि वाहतूक करार करून गटातल्या पन्नास जणांचा ऊस टनावर भाडे घेऊन ओढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात विमा कंपनी ‘शेतीच्या वापराबाहेर गाडी चालवली’ हा मुद्दा हमखास काढते. आमचे मत स्पष्ट आहे : जो ड्रायव्हर हंगामभर कराराची वाहतूक करणार, त्याने परिवहन वर्गाची नोंद करून घ्यावी, आणि मालकाने पॉलिसीवर वापराच्या रकान्यात काय लिहिले आहे ते एजंटकडून नव्हे, कागदावरून वाचावे. वीट, मुरूम, वाळूच्या खेपा मारणाऱ्यांनी तर आधी.

पिकअप, छोटा हत्ती, ट्रक

भाजीपाला, दूध, द्राक्षे बाजारात नेणाऱ्यांसाठी ६ नोव्हेंबर २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निकाल महत्त्वाचा आहे. एलएमव्ही लायसन्स असलेली व्यक्ती ७,५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवू शकते, त्यासाठी परिवहनाची वेगळी नोंद लागत नाही, असे त्यात ठरले. २०१७ मध्ये मुकुंद देवांगन प्रकरणात तीन न्यायमूर्तींनी हेच म्हटले होते, नंतर त्यावर शंका घेतली गेली आणि घटनापीठाने ती मिटवली. म्हणजे छोटा हत्ती आणि नेहमीचे पिकअप साध्या लायसन्सवर चालतात, पिवळी नंबर प्लेट असली तरी. ई-रिक्षा आणि धोकादायक माल वाहणाऱ्या गाड्यांना मात्र ही सवलत नाही.

इथे लोक फसतात ते ‘टेम्पो’ या शब्दाने. टेम्पो म्हणजे दीड टनाची गाडीही आणि अकरा टनांचे आयशरही. गाडीच्या आकारावरून अंदाज करू नका, आरसीवर एकूण वजनाचा आकडा बघा. तो ७,५०० च्या वर असेल तर परिवहन वर्ग हवाच, आणि वय किमान २० पूर्ण हवे. ऊस ओढणारे सहाचाकी, दहाचाकी ट्रक सगळे याच खात्यात येतात.

कार्ड कसे वाचायचे

कार्डावर दोन वेगवेगळ्या मुदती असतात. ‘एनटी’ म्हणजे परिवहनेतर आणि ‘टीआर’ म्हणजे परिवहन. ट्रक ड्रायव्हर अनेकदा एनटीची २०३५ सालची तारीख दाखवतो आणि मालक समाधानाने मान डोलावतो, पण टीआरची मुदत कधीच संपलेली असते. त्या दिवसापासून ट्रकपुरते त्याच्याकडे लायसन्स नाही. टीआरची मुदत ५ वर्षांची असते. एनटीची वयावर ठरते : ३० च्या आत काढले तर चाळिशीपर्यंत, ३० ते ५० मध्ये काढले तर १० वर्षे, ५० ते ५५ मध्ये काढले तर साठीपर्यंत आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी.

कार्डावर प्रत्येक वर्गासमोर तो कधी मिळाला ती तारीखही असते. ती बघण्याचे कारण असे की एखाद्याने परिवहन वर्ग गेल्याच महिन्यात मिळवला असेल, तर त्याच्या हाती एकदम भरलेला ट्रक द्यायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येते.

मुदत संपल्यावर पूर्वी ३० दिवस लायसन्स चालू धरत असत. २०१९ च्या दुरुस्तीने ती सवलत गेली. आता मुदतीच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो, पण मुदत संपल्यानंतरच्या मधल्या दिवसांत गाडी चालवली तर ती विनालायसन्सच. एक वर्ष उलटले तर पुन्हा चाचणी. अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर होतो. परिवहन लायसन्ससाठी, तसेच वय ४० च्या वर असेल तर साध्या लायसन्ससाठीही, नमुना १अ मधला डॉक्टरचा दाखला लागतो. हंगामात ड्रायव्हरला एक दिवस मोकळा मिळत नाही, म्हणून ज्याची मुदत मार्चच्या आत संपते आहे त्याचा अर्ज आत्ताच भरून टाका.

नवा वर्ग घ्यायचा तर हिशोब मागून पुढे मांडा. परिवहनाचे शिकाऊ लायसन्स मिळायला हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे. शिकाऊ मिळाल्यावर ३० दिवसांनी पक्क्याची चाचणी देता येते आणि शिकाऊची मुदत ६ महिने. शिवाय मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधले प्रमाणपत्र लागते. आरटीओच्या चाचणीची तारीख मिळण्यातही दिवस जातात. नोव्हेंबरच्या पहिल्या खेपेला ड्रायव्हर हवा असेल तर ऑगस्टमध्ये हालचाल करायला हवी होती. आता उशीर झाला असेल तर या हंगामात तयार लायसन्सवाला ड्रायव्हर शोधा आणि आपल्या माणसाचा अर्ज फेब्रुवारीच्या बेताने लावा.

शिकाऊ लायसन्सवर ट्रॅक्टर रस्त्यावर आणायचा तर पुढे-मागे तांबडा ‘एल’ हवा आणि लायसन्सधारक शिकवणारा असा बसलेला हवा की त्याला गाडी आवरता येईल. एकाच सीटच्या ट्रॅक्टरवर हे कसे जमवायचे हा प्रश्नच आहे. म्हणून शिकवायचे ते रानात शिकवा. कायदा सार्वजनिक जागेला लागू होतो, स्वतःच्या बांधाच्या आत नाही. मात्र पाणंद, शिवरस्ता, कारखान्याकडे जाणारा रस्ता इथे लोकांची ये-जा असते, त्यामुळे ‘गावातल्या गावातच होता’ हे उत्तर चालत नाही.

ट्रॉलीचे कागद वेगळे

कायद्यात ट्रॉली स्वतः एक मोटार वाहन आहे. तिची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा आणि आरसी वेगळी. याशिवाय ज्या ट्रॅक्टरने ती ओढली जाते त्याचा नंबर शेवटच्या ट्रॉलीच्या मागे दिसला पाहिजे. डबल ट्रॉली असेल तर दुसरीच्या मागे. आज हा ट्रॅक्टर, उद्या शेजाऱ्याचा, अशी अदलाबदल चालते तिथे नंबराची पाटी अडकवता-काढता येईल अशी करून घ्या.

विम्याचेही तसेच. ट्रॅक्टरची पॉलिसी आपोआप ट्रॉलीला लागू होते असे समजू नका. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ट्रॉलीचा नंबर आणि तिच्यासाठी घेतलेला हप्ता दिसायला हवा. दोन ट्रॉल्या तर दोन्ही. गावच्या वर्कशॉपमध्ये बांधून घेतलेली, पासिंग न झालेली ट्रॉली किंवा मिनी ट्रॅक्टरमागे ओढली जाणारी टायरगाडी यांच्याकडे आरसीच नसते, मग पॉलिसीत घालणार काय? ड्रायव्हरचे लायसन्स कितीही चोख असले तरी या ठिकाणी ते उपयोगाला येत नाही.

मडगार्डवर आणि मोळ्यांवर बसवून नेलेली माणसे हा आणखी एक खड्डा. ट्रॅक्टरची आसनक्षमता आरसीवर बहुधा १ असते. टोळीतले मजूर, त्यांची लेकरे ट्रॉलीत बसवली आणि गाडी उलटली, तर विमा कंपनी हात वर करते आणि भरपाई मालकावर येते. टोळी हलवायला वेगळी प्रवासी गाडी करा.

क्षमतेपेक्षा जास्त ऊस भरला तर कायद्यातला दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. तीन टन जास्त म्हणजे २६,०००. मोळ्या बाजूला किंवा मागे बाहेर आल्या तर त्याचा दंड वेगळा, तोही २०,०००. फडात भरताना दोन थर वाढवून मिळणारे भाडे याच्या पासंगालाही पुरत नाही.

मालकाची बाजू

लायसन्स नसताना गाडी चालवणाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि अशा माणसाच्या हाती किल्ली देणाऱ्या मालकालाही तेवढेच. अठराच्या आतल्या मुलाने ट्रॅक्टर चालवून गुन्हा घडला तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, वाहनाची नोंदणी १२ महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. शाळा सुटल्यावर ‘जरा काट्यापर्यंत ने’ म्हणण्याची ही किंमत आहे.

दंडापेक्षा मोठा आकडा अपघात दाव्याचा. लायसन्स वैध नसेल तरी न्यायाधिकरण अनेकदा विमा कंपनीला जखमीला किंवा मृताच्या वारसाला पैसे द्यायला लावते, पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा देते. ती वसुली मग जमिनीवर येते. बचाव एकच असतो : ड्रायव्हर ठेवताना लायसन्स बघितले होते, खात्री केली होती. त्याचा पुरावा ठेवा. कार्डाचा नंबर आणि जन्मतारीख घालून सारथी पोर्टलवर खरे-खोटे बघता येते. ते पान छापून, त्यावर तारीख टाकून, ड्रायव्हरची सही घेऊन करारनाम्याला जोडा. लायसन्स देशभर चालते, त्यामुळे विजयपूरचा ड्रायव्हर कोल्हापुरात किंवा बीडचा बेळगावात चालतो. ट्रॅक्टरचे आणि ट्रॉलीचे कर, परवाने मात्र राज्य ओलांडताना वेगळे बघावे लागतात.

लायसन्सच्या चाचणीत भरलेली ट्रॉली कोणी चालवायला लावत नाही, म्हणून दोन गोष्टी ड्रायव्हरला हातात धरून दाखवा. शेतात वळण्यासाठी सुटे ठेवलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येण्याआधी पट्टीने जोडलेले हवेत. एकच पेडल दाबले गेले तर मागचा भार ट्रॅक्टरला आडवा फिरवतो. दुसरे, घाट किंवा उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे नाही, कारण बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो आणि सगळे वजन ट्रॅक्टरला ढकलत येते. ड्रॉबारच्या पिनेला लॉक आणि शिवाय साखळी हवी. मागचे लाल रिफ्लेक्टर मोळ्यांच्या वाढ्याखाली झाकले जातात, ते भरणी झाल्यावर बघायचे, आधी नाही. आणि ट्रॅक्टरवरचा साउंड निम्म्याने कमी केला तर मागून येणाऱ्या एसटीचा हॉर्न ऐकू येतो.

खिशात कार्ड नसेल तरी डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधले लायसन्स आणि आरसी चालते. फडात रेंज नसते, तेव्हा घरून निघतानाच ते मोबाइलमध्ये उघडून पाहून ठेवा.