लाकूडकामाचा लेथ घेताय? मग या चुका टाळा

लेथ म्हणजे लाकूड गरागरा फिरवून पटाशीनं गोल कातायचं मशीन. भाच्यानं तो घेतला, आणि गेल्या महिन्यात नंदगडहून त्याचा फोन, "मामा, मशीन नाचायलंय, मला फसवलं बघा." गेलो बघायला. मशीन चांगलंच होतं की. शेडातल्या फरशीवर तीन पायांवर उभं, चौथा पाय अर्धा बोट अधांतरी, वर चढवलेला बाभळीचा ओंडका, त्याच्या एका अंगाला साल आणि दुसऱ्या अंगाला ही एवढी गाठ, आणि स्पीड ठेवलेला मिनिटाला 1500 फेरे. नाचंल नाही तर काय करंल?

आपल्याकडची पहिली चूक खास बेळगावची आहे. उद्यमबागेत, म्हणजे आपल्या कारखान्यांच्या वसाहतीत, लोखंडकामाचे जुने लेथ स्वस्तात मिळतात, मग माणूस म्हणतो लोखंड कापतंय तर लाकूड का नाही कापणार. कापंल, पण त्याचे स्पीड कमी, हातात पटाशी धरून काम करायला टूलरेस्ट (पटाशी टेकवायची आडवी पट्टी) नाही, आणि लाकडाचा भुसा त्या तेलकट बेडवर (मशीनच्या खालच्या लांब पाटावर) पडून अशी खळ होते की साफ करता करता संध्याकाळ. लाकडाला लाकडाचाच लेथ घ्या.

दुसरी चूक मापाची. 12 इंची लेथ म्हणजे 12 इंच व्यासाचा तुकडा फिरतो, स्पिंडलच्या (लाकूड फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून बेडपर्यंत 6 इंच. कुठंकुठं हीच सेंटर हाइट लिहिलेली असते, ती दुप्पट करून घ्या नाहीतर तुलना चुकते. आणि टूलरेस्टच्या खालचा बँजो (तिला धरणारा सरकता भाग) मधे आला की तिथं जागा आणखी कमी. लाटणी, रवी, भोवरे करायचे असतील तर दोन सेंटरमधे (लाकूड दोन्ही टोकांना धरणाऱ्या सुळक्यांमधे) 18 इंच पुष्कळ झालं. पलंगाचे खूर किंवा पाळण्याचे दांडे कातायचे असतील तर लांब बेड बघा, नुसतं "मोठं असलेलं बरं" म्हणून घेऊ नका.

आता माझी फजिती सांगतो. स्वस्त मिळाला म्हणून मी चार जबड्यांचा चक (लाकूड पकडणारा पंजा) आधी घेतला आणि लेथ नंतर. चकचा थ्रेड (आटे) 1 इंच 8 टीपीआय, म्हणजे इंचात 8 आटे, स्पिंडल निघालं एम33, म्हणजे 33 मिलिमीटरचं. दुकानदार म्हणाला "स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी" (थोडं जमवून घ्या). माणसं अ‍ॅडजस्ट होतात हो, थ्रेड नाही होत. शेवटी अ‍ॅडॉप्टर करून घेतला, तो केसभर वाकडा, त्यामुळं वाडग्याचा काठ एकीकडं जाड एकीकडं पातळ. म्हणून मशीनवरच्या पाटीवर थ्रेड आणि टेपर (सेंटर बसायच्या निमुळत्या भोकाचं माप) दोन्ही वाचा, फोटो काढून ठेवा, मगच चक आणि सेंटर घ्या. मोर्स टेपर 1 आणि 2 हे एकमेकांत बसत नाहीत.

सगळे पैसे मशीनवरच संपवणं ही तर सगळ्यात जास्त दिसणारी चूक. पटाश्या, चक, ग्राइंडर, फेसशील्ड हे सगळं वेगळं घ्यावं लागतं. ग्राइंडर तर हवाच हवा, कारण नव्या पटाशीला बऱ्याच वेळा धार नसतेच, आणि बोथट पटाशी दाबून दाबून चालवली की ती लाकडात रुतून गचका बसतो. एचएसएसची (हाय स्पीड स्टील, तापलं तरी धार टिकवणारं पोलाद) पटाशी घ्या. साधं पोलाद ग्राइंडरवर निळं पडलं की तिथली धार मेली म्हणून समजा.

दुकानात बघताना लाजायचं नाही. पुढं टोकदार सेंटर, मागं टेलस्टॉकचं (मागच्या सरकत्या ठोकळ्याचं) सेंटर, दोन्ही जवळ आणा, टोकाला टोक लागलं पाहिजे, बाजूनं पण आणि वरून पण. टेपरच्या भोकात टॉर्च मारा, आत चर किंवा गंज नको. बेड बिडाचाच असावा, पातळ पत्र्याचा असंल तर सोडून द्या. मशीन रिकामं पाच-दहा मिनिटं सगळ्या स्पीडला चालवा, हेडस्टॉकवर (स्पिंडल बसवलेल्या डोक्यावर) रुपयाचं नाणं उभं करून बघा पडतंय का. आणि सगळ्यात कमी स्पीड किती ते विचाराच. काही स्वस्त मशीनचा कमीतकमी स्पीडच 700-800 असतो. 10 इंचाचा ओबडधोबड तुकडा 800 ला फिरवला तर त्याचा काठ ताशी 38 किलोमीटरनं पळत असतो, सुटला तर तोंडावर मोटारसायकल.

घरी आणल्यावर आधी पायाखाली पाचर मारून चारही पाय टेकवा. अर्थिंग तपासा, लांब बारीक एक्स्टेन्शनवर मोटर लावू नका, व्होल्टेज पडलं की ती नुसती हुं करत बसते आणि तापते. (व्होल्टेज नीट असून पण हुं करत असंल तर कपॅसिटर बघा.) लाईट गेली की स्विच बंद करायची सवय लावा, सगळ्या मशीनला लाईट आल्यावर बंदच राहणारा स्विच नसतो, आणि तुमचा हात तिथं असताना मशीन आपोआप चालू झालं तर काय होईल ते सांगायला नको. खानापूर, कणकुंबीकडच्यांना आणखी एक, पावसाळ्यात बिडाचा बेड एका रात्रीत तांबडा होतो, घासून मेण लावून ठेवा.

स्पीडचा माझा हिशोब सोपा आहे, व्यास इंचात गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे) 6000 ते 9000 च्या आत. म्हणजे 10 इंचाला 600 ते 900. पण हे गोल झाल्यावर, ओबडधोबड असताना सगळ्यात खालचा स्पीड. स्पर सेंटर (लाकूड फिरवणारं दातेरी सेंटर) लाकडात ठोकायचं ते लाकूड बाहेर काढून, लाकडी मोगरीनं. मशीनवर ठोकाल तर बेअरिंगला मार बसतो.

गचका का बसतो? टूलरेस्ट लांब आणि धार आधी लागली म्हणून. टूलरेस्ट लाकडाच्या बोटभर जवळ आणा, हातानं एक फेरा फिरवून कुठं अडकत नाही बघा. पटाशी आधी रेस्टवर टेकवा, मग तिची टाच (धारेमागचा भाग) लाकडावर घासू दे, मग मूठ हळू वर उचला म्हणजे धार पकडते. रफिंग गाऊज (ओबडधोबड दांडा गोल करायची खोलगट पटाशी) वाडग्याला कधीच लावू नका, तिची मुठीतली शेपटी बारीक असते, गचक्यात मोडते. हातमोजे, लांब बाह्या, गळ्यातली साखळी, ओढणी काही नको.

सरावाला सागवान नको, त्यात वाळूचा अंश असतो, धार लवकर जाते, शिवाय महाग. चन्नपट्टणचे कारागीर खेळण्यांना हाळे वापरतात, आपल्याकडचा काळा कुडा, ते उगाच नाही, लाकूड मऊ आणि पोत एकसारखा. ते नाही मिळालं तर आंबा, सिल्व्हर ओक चालतं.

भाच्याच्या मशीनखाली पाचर मारली, ओंडक्याचे कोपरे करवतीनं उडवले, स्पीड खाली आणला, झालं गप. चार दिवसांनी परत फोन, "मामा, टोकाला जळका वास यायलाय." टेलस्टॉक आवळून ठेवलेला आणि मागं न फिरणारं साधं सेंटर, त्याला मेण नाही काही नाही. बेअरिंगवालं लाइव्ह सेंटर बसवायला सांगितलं. आता तक्रार आहे की लाटण्याच्या मधल्या भागात पिळासारखे आटे पडतात. ते लाकूड मधे लवतंय म्हणून. टेलस्टॉक थोडा सैल करायचा, धार नवी लावायची, कट अगदी हलका घ्यायचा, आणि डाव्या हाताची बोटं लाकडाच्या मागून नुसती टेकवून ठेवायची, हात भाजायला लागला तर समजायचं तुम्ही अजून पटाशी दाबताय.