ऑफिसात लोकांना हलवायचंय? या चुका टाळा

आमच्या पणजीत पाटोवरच्या ऑफिसात पावलं मोजायची स्पर्धा लागली. पहिल्या आठवड्यात जिंकलेल्या महाशयांनी आपला फोन शिपायाच्या खिशात ठेवला होता. तो बिचारा दिवसभर फायली घेऊन वरखाली करायचा! हसून झालं, पण चूक आमचीच होती. तिसऱ्या आठवड्यात ग्रुपवर उरले तिघे, तेही रोज सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर चालणारे. म्हणजे ज्यांना सांगायची गरजच नव्हती, ते.

दहा हजार पावलांचा धाक तर घालूच नका. हा आकडा १९६५ मध्ये जपानात विकायला आलेल्या ‘मानपो-केई’ नावाच्या यंत्रातून पसरला. नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मीटर. जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. एका दमात निदान १० मिनिटं हवीत ही जुनी अट तिने काढलीय, त्यामुळे दोन मजले चढलात तरी ते जमेस धरा.

‘सकाळी चालून आलो, आता दिवसभर बसलो तरी चालेल’ हा आणखी एक गैरसमज. बसणं कमी करा, हे त्याच शिफारशींत वेगळं सांगितलंय. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसवाल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना बसून असलेल्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होता.

खरी गोम ऑफिसच्या मांडणीत असते. आमच्याकडे ‘जिना वापरा’ असा बोर्ड होता आणि जिन्यात रद्दीचे खोके, गेलेली ट्यूब आणि पावसात ओली होणारी पायरी. कोण जाणार? खोके हलवले, ट्यूब बदलली, पायपुसणं टाकलं. बोर्ड काढला तरी माणसं जिन्याने येऊ लागली. चहाही टेबलावर येणं बंद करून थर्मास पॅसेजच्या टोकाला ठेवला. दोन दिवस कुरकुर झाली, मग तिथेच गप्पा रंगू लागल्या.

वेळेचंही भान हवं. एप्रिलच्या दुपारी माणसांना मांडवीकाठी फिरायला पाठवलंत तर शर्ट पिळून परत येतील. शीत-कडी (भात-आमटी) जेवल्यावर पॅसेजमध्येच १० मिनिटं फिरलं तरी रक्तातली साखर कमी चढते, डोळ्यांवरची पेंगही उतरते. गुडघे दुखणाऱ्याला मात्र जिन्याचा आग्रह नको.

एवढं करूनही कोणी उठत नसेल तर साहेबांच्या केबिनकडे बघा. उठलेल्या माणसाकडे ते घड्याळ बघत असतील, तर थर्मास कुठेही ठेवा, उपयोग नाही. आमचे साहेब स्वतः कप घेऊन पॅसेजमध्ये आले, त्या दिवशी चहा पहिल्यांदाच अकराच्या आत संपला.