ब्लूज वाजवणाऱ्याची जन्मतारीख तपासायची तर

माझी नोकरी शाळेत कारकून म्हणून झाली. जनरल रजिस्टर भरायचं आणि दाखले द्यायचे, हेच काम. त्यामुळे जन्मतारीख छापलेली दिसली की मी आधी विचारतो, ही सांगितली कुणी? राधानगरी-गगनबावड्याकडच्या जुन्या माणसांचे दाखले काढून बघा, १ जूनला जन्मलेली माणसं ढिगानं सापडतील. आईबापाला तारीख ठाऊक नसायची. गुरुजी पोराच्या उंचीकडं बघून वर्ष ठरवायचे आणि पुढं १ जून ठोकून द्यायचे.

आता आमच्या माउथ ऑर्गनच्या मंडळींत निवेदनाची टिपणं मी लिहितो. हिंदी सिनेमाची गाणी होती तोवर निवांत होतं. मग कॉलेजची पोरं रंकाळ्याच्या कट्ट्यावर ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं संगीत, घोटायला लागली आणि माझ्यापुढं अमेरिकेतले, जन्मदाखलाच नसलेले वादक येऊन उभे राहिले. ते काम मी कसं करतो ते सांगतो.

तारखेच्या आधी माणूस पक्का करा. सनी बॉय विल्यमसन या नावाचे दोन वादक झाले आणि दोघंही मोठे. पहिला जॉन ली विल्यमसन, टेनेसीतल्या जॅक्सनजवळचा, जन्म १९१४. त्यानं १९३७ साली ब्लूबर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि १ जून १९४८ ला शिकागोत त्याचा खून झाला. (१ जून इथंही आलाच, पण हा खरा.) दुसरा मिसिसिपीचा ॲलेक मिलर, लोक त्याला राइस मिलर म्हणत. पहिला हयात असतानाच, १९४१ पासून, आर्कान्सामधल्या हेलेनाच्या केएफएफए रेडिओवर ‘किंग बिस्किट टाइम’ या कार्यक्रमात तो हेच नाव लावून वाजवायचा. त्याचं पहिलं ध्वनिमुद्रण मात्र १९५१ चं, ट्रम्पेट कंपनीचं. एवढं हाताशी असलं की बरीच भेसळ निघते. १९४० च्या दशकातली तबकडी असेल तर पहिला. १९६३ मध्ये इंग्लंडात यार्डबर्ड्स या तिथल्या बँडच्या पोरांबरोबर उभा असेल तर दुसराच, कारण पहिल्याला जाऊन तोवर पंधरा वर्षं झाली होती. मी दोघांना दोन वेगळे कागद करतो आणि डोक्यावर खरं नाव लिहितो. टोपणनाव खाली.

मग प्रत्येक तारखेपुढं तीन गोष्टी लिहा: कुणी लिहिली, कधी लिहिली, आणि लिहिणाऱ्याला कुणाकडून कळली. राइस मिलरचंच घ्या. तो स्वतः सांगायचा १८९९. मिसिसिपीतल्या टटवायलरजवळ त्याची कबर आहे, तिच्या दगडावर ११ मार्च १९०८ कोरलंय. आणि १९२० च्या जनगणनेत तो सात वर्षांचा आहे. डेव्हिड इव्हान्स या अभ्यासकानं ही नोंद पुढं आणली. त्या जनगणनेत १ जानेवारी १९२० रोजी पूर्ण झालेलं वय विचारत. मोजणीदार दारात फेब्रुवारीत आला तरी हिशेब १ जानेवारीचाच. म्हणजे जन्म १९१२ मधला. नुसतं १९२० मधून सात वजा करून १९१३ लिहू नका.

मी १९१२ धरतो. मोजणीदाराला त्या पोराचं वय वाढवून काही मिळणार नव्हतं. मिलरला मिळणार होतं: वय जास्त म्हणजे ‘मूळचा सनी बॉय मीच’ म्हणायला जागा. जनगणनाही देववाणी नव्हे. घरी कुणी नसलं तर शेजारी अंदाजानं वय सांगायचा, आडनावाचं स्पेलिंग तर मोजणीदाराच्या मर्जीवर. म्हणून आईबाप आणि भावंडं जुळतात का ते बघितल्याशिवाय नोंद आपल्या माणसाची म्हणू नये. या नोंदी बहात्तर वर्षांनी खुल्या होतात. १९५० ची २०२२ मध्ये खुली झाली. फॅमिलीसर्च या वेबसाइटवर खातं काढलं की फुकट बघता येतात. फक्त खालची टाइप केलेली नावं वाचून थांबू नका. मूळ पानाचं चित्र मोठं करून ते हस्ताक्षर स्वतः वाचा.

दगडाचं म्हणाल तर त्याच्यावर मृत्यूची तारीखसुद्धा चुकीची आहे, २३ जून १९६५. प्रत्यक्षात २५ मे ला दुपारच्या कार्यक्रमाला मिलर आला नाही, म्हणून साथीदार त्याच्या खोलीवर गेला, तर तो अंथरुणातच गेलेला. रोज ठरल्या वेळेला लागणारा रेडिओ कार्यक्रम हा असला पुरावा, तिथं माणूस एक दिवस चुकला तरी कळतं. दगड नंतर ट्रम्पेटच्या मालकीणबाईंनी बसवला. माया होती, पण माया म्हणजे नोंद नव्हे.

लिटल वॉल्टर हा दुसरा माउथ ऑर्गनवाला, त्याचं उलटं. बहुतेक ठिकाणी १ मे १९३० छापतात. पण १९४० च्या सोशल सिक्युरिटीच्या (नोकरदारांच्या सरकारी पेन्शन योजनेच्या) अर्जावर १९२३ आहे. आता १९३० खरं मानलं तर दहा वर्षांच्या पोरानं नोकरदाराचा अर्ज भरला म्हणायचं. १९२३ मानलं, तर कामासाठी वय वाढवून सांगितलं नसेल कशावरून? इथं माझा निकाल नाही. टिपणात मी ‘जन्म १ मे, लुइझियाना, वर्षाबद्दल मतभेद’ एवढंच लिहितो आणि सरळ त्याच्या ‘ज्यूक’ या गाजलेल्या तबकडीवर येतो. तिचं ध्वनिमुद्रण १२ मे १९५२ चं. तबकडीच्या बाबतीत मुद्रण कधी आणि विक्रीला कधी आली, या दोन तारखा वेगळ्या ठेवायच्या, एवढं सांभाळलं की पुरतं.

आमचा निवेदक कुरकुरतो, ‘काका, मतभेद स्टेजवरनं कसा वाचू?’ त्याला मी सांगितलंय, वर्ष वाचूच नकोस, गाव वाच. कागदावर मात्र दोन्ही सालं राहतात, त्यापुढं कंसात कोणत्या कागदातून घेतली तेही. पुढचा टिपणं लिहिणारा ती खोडेल तेव्हा त्याच्याकडं तिसरा कागद असायला हवा.