जखमी पिल्लू घरी आणलंत? या चुका टाळा

मला येणारे फोन बहुतेकदा असे सुरू होतात: "दादा, घुबडाचं पिल्लू सापडलंय. चार दिवस झाले, दूध पाजतोय, पण आता काही खातच नाहीये." या वाक्यात निदान दोन चुका आहेत. दूध पिल्लाच्या जिवावर बेततं. 'चार दिवस' मात्र बोलणाऱ्याच्या अंगाशी येऊ शकतात, आणि नेमकं तेच कुणाला माहीत नसतं.

४८ तास उलटू देणं

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम ३९ काढून बघा. कायद्याने संरक्षित वन्यप्राणी ताब्यात आला, मग तो कसाही आलेला असो, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वनविभागाच्या अधिकाऱ्याकडे कळवावं लागतं आणि मागितला की सोपवावा लागतो. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय तो घरी ठेवता येत नाही. 'बरा झाला की सोडणारच होतो' हे खरं असेलही, पण त्याने परवानगीची गरज टळत नाही.

महाराष्ट्रात वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. लागली नाही तर? तेव्हाच लोक वैतागून प्राणी घरी ठेवून घेतात. तसं करू नका. सापडल्याची जागा, वेळ आणि एक फोटो वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला मेसेज करून ठेवा, म्हणजे कधी कळवलं याची नोंद राहते. तरीही उत्तर नसेल तर सरळ पोलीस ठाण्यात जा. ठाणे अंमलदार "हे आमचं काम नाही" म्हणाले तर कलम ३९ दाखवा, त्यात पोलीस ठाण्याचा उल्लेख आहे. प्राणी सोपवताना पोच मागायला लाजू नका.

'मी वाचवलं, म्हणजे माझं'

उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या एका तरुणाने शेतात सापडलेल्या जखमी सारसाची शुश्रूषा केली. पक्षी बरा झाला आणि त्याच्या दुचाकीसोबत उडू लागला, व्हिडिओ देशभर फिरले. मार्च २०२३ मध्ये वनविभागाने पक्षी ताब्यात घेतला, तरुणावर गुन्हा नोंदवला गेला, आणि सारस शेवटी कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात गेला. लोकांना हे निर्दयी वाटलं, मलाही क्षणभर वाटलं. पण माणसाच्या मागे लागलेला पक्षी कुठेही सोडला तरी माणूसच शोधणार. त्याची पिंजऱ्याकडची वाट लाडानेच सुरू झाली होती.

घरात 'वाचवलेला' पोपट असेल तर त्यालाही हेच लागू. आपला नेहमीचा हिरवा पोपट अनुसूची २ मध्ये, म्हणजे या कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे.

अनाथ नसलेल्याला अनाथ ठरवणं

बुलबुल, साळुंकीची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. आई-बाप त्यांना जमिनीवरही भरवत असतात, फक्त आपण शेजारी उभे असलो की येत नाहीत. हात लावला की आई टाकून देते, हा समज चुकीचा आहे. रक्त नाही, पंख लोंबत नाही, मांजराने धरलेलं नाही, तर पिल्लू जवळच्या फांदीवर ठेवून लांबून बघा. मांजराचा दात लागला असेल तर मात्र जखम दिसत नसली तरी डॉक्टर लागतोच.

बिबट्याच्या बछड्यांबाबत ही चूक फार महाग पडते. जुन्नरच्या पट्ट्यात ऊसतोड सुरू झाली की फडात बछडे सापडतात. कुणी उचलतं, कुणी कुशीत घेऊन फोटो काढतं. मादी बहुतेकदा जवळपास असते. वनविभागाचे लोक तपासणी करून बछडे क्रेटमध्ये, सापडले त्याच जागी संध्याकाळी ठेवतात, कॅमेरा लावतात, आणि रात्री मादी त्यांना घेऊन जाते. बछडे एकदा गावभर फिरले की हे अवघड होत जातं. बिबट्या अनुसूची १ मध्ये आहे. त्याच्या बाबतीतल्या शिकारीसारख्या गुन्ह्याला किमान तीन, कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. आणि कायद्याच्या व्याख्येत 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नाही, पकडणंही त्यात येतं.

चमच्याने पाणी, दूध, पाव

पक्ष्याच्या चोचीत जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडतं. थेंब चुकला की पाणी थेट फुप्फुसाकडे. दूध तर त्यांना पचतच नाही. भोकं पाडलेला खोका, आत सुती कापड, अंधार आणि शांतता, एवढंच करा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून बघू नका. नायलॉन मांजात अडकलेली घार असेल तर मांजा ओढून काढू नका, पंखाजवळ दोन्ही बाजूंनी कापा आणि उरलेला डॉक्टरांवर सोडा.

'जंगलात सोडून आलो'

बरा वाटला म्हणून प्राणी गाडीत घालून लांबच्या टेकडीवर सोडणं, हाही आपला अधिकार नाही. कुठे आणि कधी सोडायचं हे वनविभाग ठरवतो. नागपूरला सेमिनरी हिल्सवर आहे तसं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यप्राण्यांवर उपचार करून सोडेपर्यंत ठेवण्याचं केंद्र, यासाठीच असतं.

त्या घुबडवाल्या माणसाला मी वनरक्षकाशी फोन जोडून दिला. वनरक्षकाने पहिलाच प्रश्न विचारला, "सापडलं कधी?" पलीकडून बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला.